सीबीआर २५० आर: चुकीच्या मापाने मोजलेली गाडी

घाटवाट

होंडाची सीबीआर २५० आर शोरूममध्ये होती तोवर आपल्याकडे तिची खरी किंमत कुणी केली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठीच हा धागा. ज्यांच्याकडे ही गाडी अजून आहे, ज्यांनी विकली आणि आता हळहळ वाटते, ज्यांना सेकंडहँड घ्यायची आहे, सगळ्यांनी लिहा.

आधी थोडं मागचं. २०११ मध्ये ही गाडी भारतात आली. २४९ सीसीचं एक सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, सहा गिअर, साधारण २६ पीएस ताकद. दिसायला होंडाच्या व्हीएफआर १२०० एफ या मोठ्या टूररच्या (दूरच्या प्रवासाच्या गाडीच्या) वळणावर गेलेली. किंमत दीड लाखाच्या आसपास, तेव्हा कावासाकीची निन्जा २५० आर पावणेतीन लाखांच्या घरात होती. त्यामुळे सुरुवातीला लोक तुटून पडले. मग २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २०० आली आणि २०१३ मध्ये ड्यूक ३९०. तिची किंमत १ लाख ८० हजार, ताकद ४३ पीएसच्या वर. कागदावर आकडे जुळवणाऱ्याला त्यानंतर सीबीआरकडे बघायचं कारणच उरलं नाही. ‘पैशाच्या मानाने ताकद कमी’ हा शिक्का तेव्हा बसला तो शेवटपर्यंत पुसला गेला नाही. २०१७ मध्ये प्रदूषणाच्या बीएस-४ नियमाच्या वेळी ती काही काळ बाजारातून गेली, २०१८ मध्ये एलईडी हेडलाइट घेऊन परत आली, आणि २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा कायमची गेली. परदेशात तिची ३०० सीसीची पुढची आवृत्ती निघाली, ती इकडे आलीच नाही.

माझं म्हणणं असं की तिला सिग्नलवरून सुटायच्या मापाने मोजलं गेलं, आणि ती घडवली होती दिवसभर चालवायला. हँडल बघा. क्लिप-ऑनच आहेत, म्हणजे शॉकअपच्या नळ्यांना धरून बसवलेले दोन वेगळे तुकडे, पण वरच्या टीच्या (त्या नळ्या वर जोडणाऱ्या भागाच्या) वर उचलून बसवलेले. त्यामुळे मनगटावर भार येत नाही. पायांची ठेवण किंचित मागे, पण गुडघे मुडपून बसावं लागत नाही. फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं आवरण, छातीवरचा वारा कापते. ‘स्पोर्ट’ आणि ‘टूरिंग’ हे दोन्ही शब्द एका गाडीला लावायचे तर हेच गणित जमावं लागतं: घाटात ती आनंदाने कलली पाहिजे आणि आठ-नऊ तासांनी उतरल्यावर पाठ ताठ राहिली पाहिजे.

टाकी १३ लिटरची. हायवेला शांतपणे चालवली तर ३० ते ३५ चं अ‍ॅव्हरेज. पुण्यात टाकी फुल्ल केली की कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीच्या अलीकडे पेट्रोलची चिंता नाही. ७६ मिमी बोअर आणि ५५ मिमी स्ट्रोक म्हणजे कागदावर वर फिरणारं इंजिन वाटतं, पण मधल्या फेऱ्यांतच त्याला चांगला दम आहे. खंबाटकीत तिसऱ्या-चौथ्यातच चढते, सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. इंजिनाची थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे शंभरच्या आसपास हाताला मुंग्या येत नाहीत. एक सिलिंडरच्या गाड्या ज्यांनी दूरवर चालवल्या आहेत त्यांना या वाक्याचं मोल कळेल.

आणि ब्रेक. सी-एबीएसचं (जोडलेले ब्रेक आणि चाक अडकू न देणारं एबीएस) मॉडेल साध्यापेक्षा सुमारे २५ हजारांनी महाग होतं म्हणून पुष्कळांनी घेतलं नाही. माझ्या मते या गाडीचं सर्वांत मोठं देणं तेच. पुढच्या कॅलिपरला तीन पिस्टन आहेत. हाताच्या लिव्हरवर कडेचे दोन चालतात आणि पायाच्या पेडलवर मागच्या ब्रेकबरोबर पुढचा मधला पिस्टनही दाबला जातो. पावसाळ्यात ताम्हिणीत शेवाळलेल्या वळणावर पाय दाबला की गाडी बसल्यासारखी होते, मागचं चाक घसरत नाही. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना आपल्याकडे एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. ही गाडी ते आठ वर्षं आधी देत होती.

उणिवाही लिहितो. मागची सीट उंच आणि चिंचोळी, सोबत्याला दूरचा प्रवास नीट होत नाही. पोट खाली असल्याने गावातले उंच स्पीडब्रेकर जपून ओलांडावे लागतात. फेअरिंगचा एखादा तुकडा तुटला तर खिशाला चांगलाच चाट बसतो.

पहिल्या गाड्यांच्या नोंदणीची १५ वर्षं यंदा संपताहेत. आता पुष्कळ जण ‘काढून टाकू का’ म्हणून विचारतात. माझं सांगणं, काढू नका. पण जुनी गाडी बाळगायची तर नीट बाळगावी, त्यासाठी इथे माहिती एकत्र करू.

नाशिककर

मनापासून धन्यवाद, घाटवाट. माझी २०१२ ची, काळी, सी-एबीएस. इगतपुरी ते कसारा हा माझा रोजचा नसला तरी आठवड्याचा रस्ता. तुम्ही कलण्याबद्दल लिहिलंत ते अगदी खरं. ही गाडी वळणात ढकलावी लागत नाही, नजर जिथे जाते तिथे ती जाते.

एक प्रश्न: जुन्या मॉडेलच्या हेडलाइटचं काय केलंत? अंधारात घाटात कमी पडतो.

दख्खनी

लेख आवडला, पण सगळं पटलं नाही म्हणून लिहितोय.

मी आधी सीबीआर चालवली, आता डॉमिनार ४०० आहे. डॉमिनारला ३७३ सीसी, २०१९ नंतरच्या मॉडेलला ४० पीएस. फरक मला कुठे जाणवतो सांगतो. कागलच्या पुढे सरळ रस्त्यावर समोर तीन ट्रक ओळीने असले आणि मागे बॅग बांधलेली असली की सीबीआरला एक गिअर पाडून फेऱ्या वर न्याव्या लागतात. डॉमिनार त्याच गिअरमध्ये ओढून नेते. ओव्हरटेक जितका लवकर संपेल तितका सुरक्षित. ताकद म्हणजे नुसता सिग्नलचा खेळ नव्हे, हे माझं म्हणणं नोंदवून घ्या. घरच्यांना मागे बसवून जायचं असेल तर फरक आणखी वाढतो.

घाटवाट

दख्खनी, तुमचा मुद्दा योग्य आहे. दोघं आणि सामान असेल तर मी स्वतः कुणाला सीबीआर सुचवणार नाही. ती एकट्याच्या दूरच्या प्रवासाची गाडी, असंच धरून चला.

पण एका गोष्टीकडे बघा. जिथे सलग वेगाने जाता येईल असे महाराष्ट्रातले रस्ते कोणते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. आपल्या वाट्याला येतो तो जुना मुंबई-पुणे रस्ता, ठिकठिकाणी वळवलेला सातारा-कागल महामार्ग, आणि मुंबई-गोवा महामार्ग, ज्याची अवस्था इथल्या कुणाला सांगायला नको. या रस्त्यांवर सत्तर ते शंभर हाच वेग दिवसभर टिकतो, आणि त्या पट्ट्यात ही गाडी सर्वांत खुशीत असते. त्यात १६७ किलो वजन. डॉमिनार १८० च्या पुढे. कच्च्या वळणरस्त्यावर, गर्दीत, लॉजच्या अंगणात गाडी मागे ढकलताना हा फरक दर वेळी जाणवतो.

नाशिककर, २०१८ च्या आधीच्या गाड्यांत एच-४ चा ६०/५५ वॅटचा एकच बल्ब आहे. बल्ब बदलण्याआधी रिलेचं वायरिंग टाकून घ्या. मूळ वायरिंगमधून बल्बपर्यंत पोचताना जो व्होल्टेज पडतो तो रिलेमुळे वाचतो आणि त्याच बल्बचा उजेड वाढतो. त्यावर हेडलाइटचा कोन नीट लावून घ्या. जास्त वॅटचा बल्ब मात्र नको, रिफ्लेक्टर आणि होल्डर तापतो, शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पाना_दहा

सांगलीत गॅरेज आहे. या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून कामाचं लिहितो.

इंजिन फार टिकाऊ आहे. डीओएचसी (वर दोन कॅमशाफ्ट) असूनही यात व्हॉल्व्ह दाबणारे रोलर रॉकर आर्म आहेत. त्यामुळे घर्षण कमी, आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप लावायला कॅमशाफ्ट काढावे लागत नाहीत. रॉकर बाजूला सरकवून शिम (गॅप ठरवणारी छोटी चकती) बदलता येतो. तरी लोक हे काम टाळतात, कारण त्याआधी फेअरिंग आणि टाकी काढावी लागते. गाडी सकाळी थंडीत सुरू व्हायला कुरकुर करायला लागली, सेल दोन-तीनदा मारावा लागला, आणि बॅटरी-प्लग चांगले असले, तर आधी व्हॉल्व्ह तपासून घ्या. गॅप कमी झाला की आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ‘आवाज नाही म्हणजे सगळं ठीक’ असं या इंजिनाबाबत धरू नये.

ऑइल १०डब्ल्यू-३०, जेएएसओ एमए प्रतीचं, फिल्टरसह साधारण दीड लिटर. कारचं ऑइल टाकू नका, क्लच ओला असतो, घसरायला लागतो. कूलंट दर दोन वर्षांनी. नुसतं पाणी टाकून चालवलेली गाडी मी उघडतो तेव्हा वॉटर पंपाच्या आत गंज दिसतो. घाटात ट्रॅफिकमध्ये पंखा चालू होतोय का ते कानाने ऐका. बंद पडलेला पंखा हायवेला कळत नाही, कारण तिथे वारा असतो. शहरात येऊन अडकलात की कळतं.

सी-एबीएसवाल्यांना खास सांगणं. मागच्या पेडलचं ब्रेक ऑइल पुढच्या कॅलिपरपर्यंत जातं. पुढच्या कॅलिपरला हवा काढायच्या जागा दोन आहेत. ज्याला हे माहीत नाही तो एकच उघडून मोकळा होतो, मग पेडल मऊ लागतं आणि दोष एबीएसच्या युनिटला दिला जातो. डॉट-४ ऑइल, दर दोन वर्षांनी, दोन्ही बाजूंनी पूर्ण बदला. जुनं ऑइल पाणी धरतं आणि एबीएसच्या मॉड्युलमध्ये गंज चढतो. ते मॉड्युल या गाडीतला सर्वांत महागडा भाग. चार-पाचशेच्या कामावर तो वाचतो.

कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग. आपल्या खड्ड्यांमुळे हा झिजतोच. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला. नुसता आवळून उपयोग नाही.

चेन ५२० ची, पुढे १४ दातांचं आणि मागे ३८ चं स्प्रॉकेट. तिन्ही एकदम बदला.

सागरवाट

माझी उंची पाच फूट दोन इंच. मोठ्या गाड्यांवर पाय टेकत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं ‘तुला स्कूटर बरी’ हे ऐकलं. या गाडीची सीट ७८४ मिमीवर आहे आणि पुढे अरुंद होत जाते. दोन्ही पाय नीट टेकतात. हा मुद्दा इथे अजून कुणी लिहिला नाही म्हणून आवर्जून लिहितेय. कमी उंचीच्या माणसाला दिवसभराच्या प्रवासात सर्वांत जास्त थकवणारी गोष्ट म्हणजे थांबताना वाटणारी धास्ती. ती गेली की निम्मा प्रवास सोपा होतो.

मी जास्त करून किनाऱ्याने फिरते. अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून जेटीने दिघी. मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून पलीकडे वेश्वी. केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळहून धोपाव्याला. गुहागरच्या पुढे तवसाळहून जयगड आणि तिथून गणपतीपुळ्यापर्यंत. या वाटेवर वेग नाहीच. दर वीस-पंचवीस किलोमीटरला चढ-उतार, लाल मातीची वळणं, आमराईच्या गडग्यांमधून जाणारा एकेरी रस्ता, समोरून एसटी आली की थांबायचं. इथे मोठी गाडी असती तर मी निम्म्या वाटेत कंटाळले असते. सीबीआर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये धक्के न देता संथ चालते, आणि पुढे मोकळा तुकडा आला की मनासारखी उघडते.

जेटीच्या उतारावर ओहोटीच्या वेळी शेवाळ आणि चिखल असतो. तिथे समोरचा ब्रेक दाबू नका, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या भरवशावर उतरा. फेरीबोटीत गाडी नुसत्या साइड स्टँडवर सोडू नका, गिअरमध्ये ठेवा आणि स्वतः शेजारी उभं राहा.

सामानाबद्दल: सायलेन्सर उजव्या बाजूला वर उचललेला आहे. कापडी सॅडलबॅग लावायच्या तर उजवीकडची बॅग त्याला टेकू देऊ नका. मी मागच्या सीटवर एकच टेलबॅग आणि टाकीवर छोटी बॅग असं नेते. मागची सीट सोबत्याला सोयीची नाही, पण बॅगेसाठी उत्तम.

परत आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुणे आणि चेन पुसून वंगण लावणे. खारा वारा वाट बघत नाही.

नाशिककर

सागरवाट ताई, फार उपयोगी लिहिलंत. हा रस्ता दिवाळीनंतरच्या यादीत टाकला.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. सीबीआर २५० आर इथेही २०११ ते २०१३ या मॉडेलवर्षांत विकली गेली, सुरुवातीला ३,९९९ डॉलरला, एबीएस घेतलं तर ४,४९९. नवशिक्यांची गाडी म्हणूनच तिच्याकडे पाहिलं गेलं आणि लोक वर्षभरात ती विकून मोठी घेत.

इथे स्पोर्ट-टूरिंग म्हटलं की यामाहा एफजेआर १३००, होंडा एसटी १३०० अशी नावं निघतात. मी मात्र जुनी व्हीएफआर ८०० चालवतो, २००२ च्या आधीची. व्ही-४ इंजिन, गिअरने फिरणारे कॅम, मागे एका बाजूचा स्विंगआर्म, आणि पुढचा-मागचा ब्रेक एकमेकांना जोडलेला. तुमच्या सी-एबीएसचं मूळ होंडाच्या याच घराण्यात आहे. व्हीएफआरचंही तेच झालं. ताकदीत सुपरस्पोर्टच्या मागे, आरामात मोठ्या टूररच्या मागे, म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी नाकारली. आज जुन्या बाजारात ती जितक्याला मिळते तितक्यात तिच्या तोडीची दुसरी गाडी मला दिसत नाही.

व्हर्जिनियातला स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा आहे आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल. त्याच्या दक्षिण टोकाला ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, तो ४६९ मैल. डोंगराच्या माथ्यावरून वळणावळणाने जाणारे रस्ते. तिथे माझ्यासमोर एक सीबीआर २५० आर जात होती, मागे तंबू बांधलेला. दिवसभर आम्ही पुढे-मागे राहिलो. आठशे सीसीने मला त्या रस्त्यावर काही जास्त दिलं असं म्हणवत नाही.

ऊसपट्टा

धागा छान चाललाय. माझी चिंता पेट्रोलची. आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. आमचं घर ऊस उत्पादकाचं, कारखान्याच्या डिस्टिलरीला इथेनॉलचा भाव मिळतो त्यावर आमचीही गणितं चालतात, त्यामुळे मी इथेनॉलच्या विरोधात नाही. पण २०११ ची गाडी ई-२० साठी बनलेली नाही. काय काळजी घ्यावी? अ‍ॅव्हरेज किती कमी होईल?

पाना_दहा

ऊसपट्टा दादा, चांगलं विचारलंत. ई-२० ला चालतील असे रबर आणि धातूचे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. त्याआधीच्या गाड्यांत इंधनाची रबरी नळी, ओ-रिंग आणि पंपाची सीलं यांच्यावर लक्ष ठेवायचं. नळी कडक झाली, भेगा दिसल्या, पेट्रोलचा वास यायला लागला तर थांबू नका, बदला. इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब असतो, त्यामुळे साधी कार्ब्युरेटरची नळी बसवू नका, दाबाची मिळते तीच घ्या.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणजे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण आधीपासून १० टक्के मिसळलेलं होतंच, तेव्हा त्या मानाने फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. कुणी अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं म्हणून सांगत असेल तर कारण दुसरं आहे. एअर फिल्टर, टायरमधली हवा, अडकलेला ब्रेक यांकडे बघा.

खरा धोका उभ्या गाडीला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिनोन्महिने उभी ठेवलेली गाडी आली की टाकीच्या तळाला गंज आणि पंपाच्या जाळीवर चिकटा असतो. गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहील. त्याहून चांगलं म्हणजे आठवड्या-पंधरवड्याला वीसेक किलोमीटर चालवा. जागेवर सुरू करून बंद करू नका, इंजिन पुरतं तापत नाही आणि बॅटरी मात्र उतरते.

दख्खनी

पाना_दहा, तुमच्यासारखे लोक लिहितात म्हणून या जागेवर यावंसं वाटतं.

घाटवाट, तुमचं उत्तर वाचून विचार केला. द्रुतगती मार्गांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी ओव्हरटेकबद्दलचं माझं मत कायम आहे. पण आंबोली, अणुस्कुरा, गगनबावडा या रस्त्यांवर डॉमिनारपेक्षा सीबीआरवर माझा जीव जास्त रमायचा, हे मान्य करतो.

टायरची भर घालतो. पुढे ११०/७०-१७, मागे १४०/७०-१७. मागचं हेच माप यामाहा आर-१५ च्या तिसऱ्या आवृत्तीला आहे, त्यामुळे गावोगावी चांगले रेडियल मिळतात. पाच-सहा वर्षं जुना टायर खाच शिल्लक असली तरी काढून टाका. रबर कडक झालं की पावसात एबीएसही फार काही करू शकत नाही.

कागदपत्र

परिवहन कार्यालयाशी रोजचा संबंध असतो म्हणून नूतनीकरणाबद्दल थोडक्यात.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. गाडी निरीक्षकासमोर प्रत्यक्ष न्यावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवं, पर्यावरण कर भरलेला हवा, आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. सायलेन्सर मूळचा बसवून न्या. इंडिकेटर, हॉर्न, मागचा दिवा, आरसे चालू असावेत. चेसिस नंबर गंजलेला असेल तर आधी पुसून वाचता येईल असा करून ठेवा, बहुतेक वेळा तिथेच खोळंबा होतो.

मुदत संपल्यावर गाडी रस्त्यावर काढू नका. अपघात झाला तर विम्याच्या दाव्याला अडचण येते.

नवा_भिडू

नमस्कार. सगळा धागा दोनदा वाचला. पिंपरीत एक २०१४ ची गाडी बघितली, साधं मॉडेल, एबीएस नाही. दुसरा मालक, ४० हजारांच्या वर चाललेली. बाहेरून चकाचक आहे. माझी पहिली मोठी गाडी. घ्यावी का? आणि बघायला गेल्यावर काय बघू?

घाटवाट

स्वागत. एबीएसवाली मिळेपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर थांबा, असं मी आधी सांगेन. पहिलीच मोठी गाडी आहे आणि तुम्ही पावसाळ्यातही चालवणार, तेव्हा ते फार उपयोगी पडेल. थांबायचं नसेल तर साधी गाडीही चांगलीच आहे, फक्त ब्रेक शिकून घ्यायला वेळ द्या. रिकाम्या मैदानात, कमी वेगात, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत नेण्याचा सराव करा.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. इंजिनाला हात लावून थंड आहे याची खात्री करा, मगच सेल मारा. पाना_दहांनी व्हॉल्व्हबद्दल लिहिलंय ते तिथेच कळेल. सुरू झाल्यावर चेक इंजिनचा दिवा विझतो का बघा. पंखा लागेपर्यंत चालू ठेवा.

चकाचक आहे म्हणता, तर फेअरिंगच्या आतून बघा. नवं प्लास्टिक आणि आत वाकलेली पट्टी असेल तर गाडी पडलेली आहे. हँडलच्या टोकांवर, पेगच्या बुडाशी, इंजिनच्या डाव्या-उजव्या झाकणांवर ओरखडे शोधा. रेडिएटरच्या पाकळ्या दगडाने चेपलेल्या असतीलच, ओल नसावी. शॉकअपच्या नळ्यांवर ऑइलची रेघ आहे का, तेही बघा. मग पन्नासच्या वेगात सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का पाहा.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात.

२०१४ ची असेल तर नूतनीकरण २०२९ मध्ये येईल, सध्या ती चिंता नाही.

नवा_भिडू

आज बघून आलो. इंजिन थंड होतं, पहिल्याच सेलला लागलं. पंखा लागला. फेअरिंगच्या आत सगळं सरळ. कागद मूळ मालकाच्या नावावरून नीट बदललेले, बोजा नाही. पण पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं तर मधोमध स्पष्ट खाच लागते. मालक म्हणतात, ‘थोडा आवळला की जाईल.’ हे सोडून बाकी गाडी मला फार आवडली.

सागरवाट

घेऊन टाका. कोनसेटचे पैसे किमतीतून वजा करून मागा. ज्या माणसाने तुमच्यासाठी गाडी थंड ठेवली तो बहुधा ऐकेल.

पाना_दहा

आवळून जाणार नाही, चार दिवसांत पुन्हा तसंच होईल आणि वळणात हँडल जड लागेल. पूर्ण सेट बदला, नुसत्या गोळ्या नकोत, खालच्या-वरच्या दोन्ही वाट्याही नव्या. जमलं तर टेपर रोलर बेअरिंग टाकून घ्या, आपल्या रस्त्यांवर जास्त टिकतात. ते बसवल्यावर हजारेक किलोमीटरनी एकदा परत तपासून आवळावे लागतात, ते विसरू नका. पुढचा भाग खोललाच आहे तर शॉकअपचं ऑइल आणि सीलही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच लागेल.